एका मण्यातून तीन तारा

बल्लारपूर, ११ जुलै १९९९

भाई,

सलाम. मराठीत लिहून राह्यली म्हणून हसू नोको. इंग्रजीत लिहिलं का तू लाल पेनानं स्पेलिंगच्या चुका काढून तेच पत्र मले परत पाठवतो. उर्दूत लिहिलं तर पोस्टात टाकाच्या आधी अब्बा वाचते. मराठी त्याइले दुकानात गिऱ्हाइकासंग बोलता येते, वाचता येत नाई. म्हणून आपल्या भांडणाची भाषा मराठी, लहानपणापासून हेच आहे.

खबर अशी का मले कोर मेमरी भेटली. खरी.

फाटकाजवळच्या पोचूभाऊच्या भंगारात. शाळा सुटल्यावर आपण दोघं जात होतो तिथीच. आता मी एकटी जाते आणि घरी सांगते का पुनमकडे प्रॅक्टिकलची वही आणाले गेली. पोचूभाऊ अजूनबी चिपांले किडेच म्हणते. मले पाह्यलं का लांबूनच आवाज देते, ये बाई, पाय न तुटलेले किडे काढून ठेवले तुह्यासाठी. तू गेल्यापासून माह्या डब्यात एक २८६ चिप आली आहे, सिरॅमिकची, आणि त्या आठ इंची फ्लॉपीचं खोकं बी. फ्लॉपी पाहून पुनम म्हणाली का हा पंखा आहे का.

पण हे वेगळं आहे. कोण्या जुन्या ऑफिसचा लॉट आला, त्यात एक लोखंडी कपाट, आणि कपाटात पाट्या. बाकीच्या पाट्या पोचूभाऊनं तांब्यासाठी जाळून टाकल्या होत्या. शेवटची हातात धरून आगटीकडे चालला होता तेव्हा मी पोचली. लहान पोराच्या पाटीएवढी चौकट, आत केसासारख्या तांब्याच्या तारा, आडव्या आणि उभ्या, आणि जिथी दोन तारा एकमेकीले ओलांडते तिथी एक मोहरीएवढी काळी रिंग. पूर्ण पाटी भरून. एका एका रिंगेत शून्य नाई तर एक. पहिले कॉम्प्युटर यात लक्षात ठेवत होते, भाई. आणि लाइट गेली तरी हे विसरत नाई. शाळेतल्या कॉम्प्युटरवर मी मागच्या हप्त्यात सगळा प्रोग्रॅम टाइप केला आणि लोडशेडिंगनं पुसून टाकला. त्याच्यापेक्षा ही पाटी शहाणी.

मी मनानं सांगून नाई राह्यली. शाळेच्या लायब्ररीत सिस्टरच्या कुलपाच्या कपाटात जाडं निळं पुस्तक आहे, त्यात हाच फोटो आहे, खाली सगळं लिहून. पुस्तक घरी नेऊ नाई देलं, एका पानाची झेरॉक्स काढू देली. तीच या पाकिटात घालून राह्यली. नीट पाह्य. कॉलेजात तुह्या सरले दाखव.

आणि अब्बाले फोनवर सांग का हे कचरा नाई. त्याइले कोणीतरी सांगितलं का बाबूभाईची पोरगी कचरा वेचते. बारावी झाली का मले नागपूरले कॉम्प्युटरचा डिप्लोमा कराचा आहे, हे तुले माहीत आहे, अब्बाले नाई. तू आहेच नागपूरले. तू म्हटलं तर होते.

उमेरा


बल्लारपूर, ३ ऑक्टोबर १९९९

भाई,

पत्र नाई आलं. फोन आला. मेसच्या भाजीत पाणी किती आणि आलू किती हे तू अब्बाले सांगितलं आणि ठेवून देला. मी बाजूले उभी होती. हात पुढं केला होता.

असो. पाटी फुफीनं पाह्यली. आबिदा फुफी तुले माहीत आहे ना, अब्बाचीच बहीण, काळं आणि बारीक काही दिसलं का तिले पोतच दिसते. पायाच्या अंगठ्याले दोरा बांधून बसली होती, गोंडपिपरीकडच्या मीराबाईले समोर बसवून तिची पोत गाठवत. पाटी हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि म्हणाली, हे कोण्या शिकाऊ हाताचं काम आहे? एका मण्यातून तीन-तीन तारा. मणी घासून मरन ना.

मी समजावून सांगितलं. एक आडवी तार, एक उभी, दोघी मिळून सांगते का कोणाले विचाराचं आहे. तिसरी तिरपी, ती सगळ्याइच्या पोटातून जाते, उत्तर ऐकाले.

"म्हणजे मणी बोलते?"

"विचारलं का बोलते."

"मंग तुह्यापेक्षा बरे," फुफी म्हणाली. "तू न विचारता बोलते."

मीराबाई एवढी हसली का फुफीले बी हसू आलं आणि पोत तिच्या अंगठ्यातून सुटली.

एक गोष्ट मी फुफीले नाई सांगितली. या मण्याइले विचारलं का ते सांगते, पण सांगता सांगताच विसरते. वाचलं का पुसलं. मंग लगेच परत लिहून ठेवा लागते. मले वाटलं का आपल्या घरात बी असंच आहे. मी अब्बाले नागपूरचं सांगते, ते हो-हो करते, दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

पण यावेळी त्याइच्या लक्षात राह्यलं, कारण वरोऱ्याहून रिश्ता आला. पोराचं नाव अकरम. मंडीत सोयाबीनचा व्यापार आहे. लोकं वाईट नाई म्हणते. मी रडली नाई. मी पाटी आणून अब्बाच्या गल्ल्यावर ठेवली आणि म्हटलं, हे काय आहे ते या गावात फक्त मले माहीत आहे. अब्बानं चष्मा लावून पाह्यलं. बराच वेळ. मंग साफ सांगितलं का ईदले जिशान येईन, त्याले दाखवू. तो इंजिनिअर आहे. तो म्हणाला का पोरीले यातलं खरंच समजते, तर वरोरावाल्याइले दोन वर्षं थांब म्हणतो आणि उमेरा, तू नागपूरचा फॉर्म भर.

अब्बा बोलून बदलत नाई, तुले माहीत आहे. म्हणजे आता सगळं तुह्यावर आहे. मले एकच वाक्य पाहिजे, भाई. ते बी तुले बनवाचं नाई, झेरॉक्सवर छापून आहे.

ईदले ये. येशीलच म्हणा, शीरखुर्मा तिथी कोण देते.

उमेरा


बल्लारपूर, १६ जानेवारी २०००

जिशान,

तू गळ्यात कॉलेजचं आयकार्ड घालून ईदच्या दिवशी घरात फिरत होता, तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं.

वरोऱ्याची लोकं दिवाणखान्यात बसून होती. अकरमचे वडील आणि त्याइचे मोठे भाऊ, ते पांढऱ्या दाढीचे. अब्बानं आवाज देला, उमेरा, ते आण. मी पाटी ओढणीत गुंडाळून आणली. तू ती खिडकीसमोर धरली, डॉक्टर एक्स-रे धरते तशी. मले विचारलं, कुठून आणलं. मी सांगितलं. मी आत जाऊन येईपर्यंत तू परत एकदा पाह्यलं, आणि पाहुण्याइकडे पाहून म्हणाला,

"फिल्टर आहे. पेपर मिलमध्ये लगदा गाळाले लावते तसलं काही. रद्दी आहे."

दाढीवाले काका म्हणाले, पोरगी गाळणी एवढी जपते म्हणजे चहा चांगला करत असन. सगळे हसले. अब्बा हसले. तू बी हसला. माह्या हातात चहाचाच ट्रे होता.

गाळणीत तिरपी तार काऊन असते, एवढं विचारलं असतं तरी तू अडकला असता. तोंडावर आलं होतं. पण पाहुण्यात मी घरच्या इंजिनिअरले खोटं पाडलं असतं तर लोकं तुह्यावर हसली असती, आणि अब्बाइचं तोंड उतरलं असतं. ते तर दुकानात येईन त्या गिऱ्हाइकाले, मण्याच्या पुडीसंग, माहा जिशान इंजिनिअर हे फुकट देते. म्हणून मी चहा ठेवला आणि आत गेली.

लोकं गेल्यावर मी बोलली. तू तेव्हा दोस्ताइकडे गळाभेट कराले गेला होता. मी अब्बाले सांगितलं का हे शाळेच्या पुस्तकात आहे, चला, सिस्टरले विचारा. अब्बानं राग नाई केला. हळूच विचारलं, पुस्तक मोठं का इंजिनिअर मोठा? आणि ज्याले इंजिनिअर करासाठी मी आयुष्य मणी मोजत बसलो, त्यालेच आता पुस्तकानं तपासू का?

मी पाटी उचलून पलंगाखाली सरकवली. 

तुले स्टेशनवर सोडाले मी त्याचसाठी आली. मले वाटलं का झेरॉक्स तुले पटली नसन, पुस्तक जुनं वाटलं असन, काही तरी असन. म्हणून विचारलं, झेरॉक्सचं काय झालं?

तू म्हणाला, कोणती झेरॉक्स?

जिशान, तू पाकीटच उघडलं नव्हतं.

मी म्हटलं, अब्बाले फोन करून सांग का चूक झाली, मी घाईत पाह्यलं. लाज वाटत असन तर सरनं सांगितलं म्हण. तू म्हणाला, पाहतो. गाडी हलली.

तुहं पाहतो मले चांगलं माहीत आहे. ती काचेच्या खिडकीवाली चिप आठवते का? तिच्यावरचं स्टिकर तू काढलं, आत काय दिसते म्हणून. मी म्हटलं, परत चिकटव, ऊन लागलं का तिच्यातलं लिहिलेलं पुसते. तू म्हणाला, पाहतो. उन्हाळाभर ती गच्चीवर पडून होती. ते आपल्या बल्लारपूरचं ऊन.

फॉर्म जूनमध्ये निघते. फोन कर.

उमेरा


बल्लारपूर, २१ मे २०००

जिशान,

फोन नाई आला. म्हणजे आला, अब्बाले, दोनदा. परीक्षेचं बोलला, उन्हाचं बोलला.

माहे पेपर चांगले गेले. निकाह जूनमध्ये ठरला. वरोरावाल्याइले बारावीचा निकाल बी पाहाचा नाई, मार्कानं काय फरक पडते म्हणते.

तरी मी फॉर्मची वाट पाहत होती. खोटं काऊन सांगू. पाटी पलंगाखाली होती, आणि मले वाटत होतं का एक दिवस अब्बा दुकानातून येईन आणि म्हणन, जिशानचा फोन होता, ते रद्दी नाई म्हणते. मंग मी पाटी काढून समोर ठेवीन. एवढं सगळं ठरवून ठेवलं होतं, कोणता ड्रेस घालीन हे बी.

परवा मी पुनमकडून आली. खरंच पुनमकडून, आता पोचूभाऊकडे जाता येत नाई. ओसरीत फुफी बसली होती, अंगठ्याले दोरा बांधून, आणि समोर पितळेच्या परातीत काळा ढीग. मले पाहून तिनं परात झाकली आणि मंग स्वतःच उघडली. तिले राहवलं नाई. म्हणाली, तुले आखरीत दाखवाची होती, पण पाह्य.

माही चौकट भिंतीले टेकून उभी होती. रिकामी. तारांचा गोळा करून बाजूले ठेवला होता, लिंबाएवढा.

फुफी लय खूश होती. म्हणाली, जिशान रद्दी म्हणाला म्हणून अब्बा ती पाटी पोचूले देऊन टाकत होते. मीच थांबवलं. म्हटलं, पाटी रद्दी असन, मणी काऊन रद्दी? पोरीनं किती जीव लावला त्याइले. तिच्या निकाहाची काळी पोत याचीच करते, चार पदरी, तिचे मणी तिच्यासंग सासरी जाईन. आणि म्हणाली, तारा कापू कापू मणी सोडवता सोडवता नखं गेली माही, कोण्या येड्यानं ओवले होते काय माहीत.

तिनं बोटं दाखवली. खरंच नखं गेली होती.

सांग, तिच्यावर कसं रागवाचं? या घरात ती एकटी आहे जिनं माह्या पाटीले कामाची म्हटलं. मी खाली बसली आणि परातीतून मणी उचलून तिच्या हातात देत गेली. ती ओवत गेली.

ओवता ओवता मनात आलं का यातल्या एकेका मण्याले अजूनबी आपलं आपलं आठवत असन. कोणाले शून्य, कोणाले एक. तार कापल्यानं ते जात नाई. पण कोणाच्या बाजूले कोण बसला होता, ते गेलं. आता काय लिहून होतं ते तूच काय, कोणीच वाचू शकत नाई.

आता फोन केला तरी चालते, नाई केला तरी चालते.

उमेरा


वरोरा, ८ ऑक्टोबर २०००

इंजिनिअर साहेब,

तुमचं पत्र भेटलं. तुम्ही मले लिहिलेलं पहिलं पत्र आहे म्हणून जपून ठेवलं. सलाम आणि तब्येत मिळून दोन ओळी, बाकी सगळं पाटीचं.

म्हणजे सरनं वर्गात फोटो दाखवला आणि तू हात वर करून म्हणाला का अशी पाटी माह्या घरी आहे. सर म्हणाले, फार दुर्मिळ, आपल्या भागात कोणाजवळ नसन. आणि आता डिसेंबरमध्ये प्रदर्शन आहे, तर मी ती कापडात गुंडाळून, खोक्यात भुसा भरून, वरोऱ्याच्या स्टँडवर तुह्या दोस्ताजोळ द्यावी. मण्याइले धक्का लागला नाई पाहिजे, असं बी लिहिलं. काळजी चांगली घेतो तू.

तू विचारलं का ती सध्या कुठी आहे. म्हणजे मे महिन्यातलं माहं पत्र बी तू उघडलं नाई.

निकाहाच्या दिवशी तू माह्यासमोर उभा राहून फोटो काढला. आठवते का? कॅमेरा खाली घेऊन म्हणाला, पोत भारी आहे, फुफीच्या हातची का? मी हो म्हटलं. तू म्हणाला, चमक कमी आहे पण उठून दिसते. जे तू मागून राह्यला ते तू पाह्यलं आहे, साहेब. फोटो बी आहे तुह्याजोळ. तोच लाव प्रदर्शनात.

पत्र वाचून मी अकरमले सगळं सांगितलं. तो वाईट नाई. ऐकून घेतलं, मंग पोत हातात घेऊन पाह्यली, आणि दुसऱ्या दिवशी मंडीत सगळ्याइले सांगून आला का माह्या बायकोच्या गळ्यात कॉम्प्युटर आहे. आता त्याचा काटेवाला दारातून विचारते, भाभी, आज सोयाबीनचा भाव काय निघन, गळ्याले विचारून सांगा. मी बी हसते. इथी रुळाच्या पलीकडे मोठं भंगार आहे म्हणते. लोकं म्हणते, मी पाह्यलं नाई.

सासूबाईनं विचारलं, कोणाचं पत्र? मी म्हटलं, भावाचं, खुशाली विचारली.

तर मणी भेटणार नाई. काळी पोत गळ्यातून कधी उतरते ते तुले माहीत आहे. तुह्या सरले माहीत नसन तर समजावून सांगजो, आणि डिसेंबरपर्यंत तसं काही होईन अशी दुआ करू नोको.

तारा बी नाई. तो गोळा फुफीनं पोचूभाऊले देला. तांबं शेवटी जिथी जाणार होतं तिथीच गेलं.

चौकट आहे. माह्या पेटीत घालून आणली होती, तीच पाठवून राह्यली. भुसा नाई भरला, फुटण्यासारखं त्यात काही राह्यलं नाई. मागं एक कागद चिकटवलेला दिसन, मी तो पहिल्याच दिवशी चिकटवला होता, ईदले तू मागची बाजू पाह्यलीच नाई. त्यावर असं लिहून आहे: मॅग्नेटिक कोर मेमरी. भेटली पोचूभाऊच्या भंगारात, बल्लारपूर. ओळखली उमेरा बाबूभाई शेख हिनं, बारावी सायन्स. इंग्रजीत आहे. स्पेलिंग चुकलं असन तर लाल पेन घेजो, पण नाव खोडू नोको.

आणि सरले पुरावा पाहिजे असन तर तुह्या खोलीत कुठीतरी माहं बंद पाकीट असन, मागच्या वर्षीच्या जुलैचं. ते उघड. त्यात सगळं छापून आहे.

चौकट खुशाल मांड टेबलावर. लोकं येतील, वाकून पाहतील, विचारतील का हे रिकामं काय आहे. तेव्हा घाबरू नोको. ईदच्या दिवशी सगळ्याइसमोर सांगितलं होतं, तेच परत सांगजो.

फिल्टर आहे म्हण.

उमेरा